मसुदा आला, मुदत तीस दिवसांची: शेतीधोरणावर म्हणणं मांडण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

शेतीचं धोरण ठरून जातं आणि आपल्याला ते अधिसूचना निघाल्यावर कळतं, अशी तक्रार करणारी पत्रं या सदराकडे सतत येतात. या वेळी त्याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : शेती हा राज्याचा विषय आहे असं सांगतात. मग कांद्याबद्दल आम्ही दिल्लीला कशाला लिहायचं? आणि लिहायचं तर कृषिमंत्र्यांना लिहिलं की पुरे ना?
— कांदा उत्पादक, निफाड

उत्तर : राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती राज्यसूचीत आहे (नोंद १४) आणि बाजारही तिथेच आहेत (नोंद २८). पण अन्नपदार्थांचा व्यापार समवर्ती सूचीच्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात त्या यादीच्या, नोंद ३३ मध्ये येतो. २०२०चे तीन कृषी कायदे केंद्राने याच नोंदीच्या आधारावर केले होते. परदेशी व्यापार आणि सीमाशुल्क तर पूर्णपणे केंद्राकडे आहे. म्हणजे कांदा पिकवणं राज्याच्या यादीत आणि त्याचा भाव पाडू शकणारे निर्णय केंद्राच्या हातात, अशी ही विभागणी आहे.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. कांद्याबाबत कृषी मंत्रालयाच्या हातात फार थोडं असतं. निर्यातबंदी आणि किमान निर्यातमूल्य यांची अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाखालचं विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, काढतं. निर्यातशुल्क अर्थ मंत्रालय लावतं. शहरातल्या किरकोळ दरावर नजर ठेवणं आणि राखीव साठा करणं ही कामं ग्राहक व्यवहार विभागाची आहेत, साठ्यासाठी खरेदी नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था करतात. कृषी मंत्रालयाकडे लागवड आणि उत्पादनाचे अंदाज असतात. ऑगस्ट २०२३मध्ये ४० टक्के शुल्क, डिसेंबर २०२३मध्ये बंदी, मे २०२४मध्ये बंदी उठवून किमान निर्यातमूल्य आणि शुल्क, सप्टेंबर २०२४मध्ये शुल्क २० टक्के, १ एप्रिल २०२५पासून शून्य. ही साखळी पाहिली तर निर्णय कुठून कुठून येत होते ते दिसेल.

म्हणून एकच पत्र चार ठिकाणी पाठवू नका. चार वेगळी, एकेका पानाची पत्रं लिहा. डीजीएफटीला लिहिताना बोला बंदरावर अडकलेल्या मालाबद्दल आणि अधिसूचना त्याच दिवशी लागू झाल्याने मोडलेल्या सौद्यांबद्दल. ग्राहक व्यवहार विभागाला चाळीतला साठा, महिन्यागणिक होणारी घट आणि खरेदीचे निकष सांगा. अर्थ मंत्रालयाला शुल्क लागण्याच्या आधीचे आणि नंतरचे बाजार समितीतले दर द्या. कृषी मंत्रालयाचा उत्पादनाचा अंदाज तुमच्या तालुक्यात कुठे चुकला, एवढंच त्यांना दाखवा.

आणखी एक दार फार कमी लोकांना ठाऊक आहे. २ जानेवारी २०२५च्या अधिसूचनेने विदेश व्यापार धोरणात १.०७ए आणि १.०७बी ही परिच्छेदं घातली गेली. त्यांनुसार आयात-निर्यात धोरण बदलण्याआधी संबंधित घटकांचं मत घ्यायचं आहे आणि ते मान्य केलं नाही तर त्याची कारणं कळवण्याची यंत्रणा ठेवायची आहे. सरकारने तातडीच्या परिस्थितीत स्वतःहून निर्णय घेण्याची मुभा राखून ठेवलीच आहे. तरीही पत्रात या परिच्छेदांचा उल्लेख करा. उदाहरणादाखल तिथे आयातदार, निर्यातदार आणि उद्योगातले जाणकार येतात. पण ‘संबंधित घटक’ या शब्दांत शेतकरी बसतो, तो बसवून घ्यायचं काम आपलं.

प्रश्न : आमच्या उत्पादक कंपनीला मसुद्याची बातमी लागते तेव्हा मुदत संपायला चार-पाच दिवस उरलेले असतात. किमान किती मुदत देणं सरकारवर बंधनकारक आहे? मसुदे शोधायचे कुठे?
— शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : ५ फेब्रुवारी २०१४ रोजी केंद्राच्या विधायी विभागाने विधिपूर्व सल्लामसलत धोरण सर्व मंत्रालयांना कळवलं. त्यात म्हटलं आहे की विधेयकाचा मसुदा, किंवा निदान त्याची रूपरेषा, किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावी. सोबत कायद्याची गरज, आर्थिक भार आणि लोकांच्या जगण्यावर व उपजीविकेवर होणारा परिणाम सांगणारी टिपणी असावी. आलेल्या सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकावा आणि मंत्रिमंडळासमोरच्या टिपणीतही द्यावा. पण हे धोरण आहे, कायदा नव्हे. कारण नोंदवून मंत्रालय त्यातून सूट घेऊ शकतं, आणि अध्यादेश काढला तर हा सगळा टप्पाच गळतो. २०२०चे कृषी कायदे ५ जूनला अध्यादेश म्हणूनच आले. पुढचं वर्षभराचं आंदोलन आणि नोव्हेंबर २०२१मधली माघार सर्वांना माहीत आहे. सल्लामसलतीचे तीस दिवस वाचवायला गेलं की काय किंमत पडते, याचं याहून स्पष्ट उदाहरण आमच्या माहितीत नाही.

मसुद्यांचे प्रकार ओळखायला शिका, कारण प्रत्येकाची मुदत वेगळी असते. विधेयकाला वरचं २०१४चं धोरण लागू. मूळ कायद्यात ‘पूर्वप्रसिद्धीनंतर’ नियम करावेत असं लिहिलेलं असेल, तर सामान्य खंड अधिनियम, १८९७च्या कलम २३ प्रमाणे मसुदा प्रसिद्ध करून हरकतींचा विचार करणं कायद्यानेच बंधनकारक होतं. इथे तुमचं म्हणणं सर्वांत भक्कम पायावर असतं. धोरणचौकट किंवा योजनेची मार्गदर्शक तत्त्वं यांना यातलं काहीच लागू नाही, मुदत मंत्रालय ठरवील ती. कृषिपणन धोरणाच्या राष्ट्रीय चौकटीचा मसुदा नोव्हेंबर २०२४मध्ये आला तेव्हा सूचनांसाठी सुरुवातीला पंधरा दिवसच दिले होते. बियाणे विधेयक २०२५चा मसुदा नोव्हेंबरच्या मध्याला आला, मुदत ११ डिसेंबरपर्यंत. रब्बीच्या पेरणीत गुंतलेल्या माणसाकडून या काळात चार पानी टिपणाची अपेक्षा करायची, हे आम्हाला तरी पटत नाही. पण मुदत वाढवून मागता येते. पहिल्याच आठवड्यात तशी लेखी मागणी करून ठेवा, शेवटच्या दिवशी केलेली मागणी कुणी वाचतही नाही.

शोधण्याचं काम संचालक मंडळातल्या एकाच व्यक्तीकडे नावानिशी द्या. दर सोमवारी कृषी व शेतकरी कल्याण मंत्रालय, ग्राहक व्यवहार, सहकार, पशुसंवर्धन आणि डीजीएफटी यांच्या संकेतस्थळांवरचं ‘नवीन काय’ पान, इ-राजपत्र आणि लोकांची मतं मागवणारं सरकारी संकेतस्थळ मायगव्ह एवढं पाहायला अर्धा तास पुरतो. खाद्यप्रक्रियेत असाल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मसुदेही पाहा. सगळ्यांनी लक्ष ठेवायचं असं ठरलं की कुणीच ठेवत नाही.

तीस दिवस मिळाले तर ते असे वाटा : पहिले तीन दिवस मसुदा वाचून आपल्याशी संबंध असलेली पाच-सहा कलमं काढणं, पुढचे दहा दिवस सभासदांच्या बैठका आणि आकडे जमवणं, मग आठवडाभर लिखाण. मंडळाच्या ठरावासाठी चार दिवस ठेवा आणि उरलेले हाताशी राखून सूचना मुदतीच्या तीन दिवस आधी पाठवा. शेवटच्या रात्री मेल परत येण्याचे प्रकार नेहमीचे आहेत.

प्रश्न : सूचना लिहायची कशी? आम्ही दोन वेळा निवेदन पाठवलं, पोचही आली नाही.
— परभणी, अकोला आणि साताऱ्याहून आलेली पत्रं

उत्तर : तुमच्यापैकी दोघांनी निवेदनाची प्रत सोबत जोडली, त्यामुळे नेमकं बोलता येतं. दोन्ही निवेदनं आंदोलनाच्या भाषेत आहेत. ‘शेतकरीविरोधी मसुदा त्वरित मागे घ्या’ हे वाक्य मोर्च्यात चालतं, तिथे त्याचं कामही असतं. मंत्रालयात मात्र एक कक्ष अधिकारी आलेल्या सूचनांचा तक्ता करत बसलेला असतो : कलम क्रमांक, सूचना, कुणाची, मान्य की अमान्य. ज्या निवेदनात कलमाचा क्रमांकच नाही ते त्याच्या तक्त्यात ‘सर्वसाधारण’ या शेवटच्या रकान्यात जातं आणि तिथेच राहतं.

त्यामुळे त्याचा तक्ता आपणच भरून द्यायचा. पाच रकाने पुरतात : कलम, मसुद्यातला मजकूर जसाच्या तसा, प्रत्यक्षात येणारी अडचण, त्याजागी सुचवलेला मजकूर, पुरावा. चौथा रकाना बहुतेक जण रिकामा ठेवतात, आणि नेमका तोच सर्वांत कामाचा असतो. समजा, एखाद्या मसुद्यात पिकाच्या नुकसानीची सूचना ७२ तासांत ॲपवर द्यावी असं कलम आहे. ‘ही अट जाचक आहे, रद्द करा’ असं लिहिलं तर उत्तर ठरलेलं : विलंब झाला तर पंचनामा करता येत नाही, सूचना अमान्य. त्याऐवजी असं लिहा : ‘सूचना ॲप, टोल फ्री क्रमांक किंवा तालुका कृषी कार्यालयात लेखी, यांपैकी कोणत्याही एका मार्गाने देता येईल. वीज किंवा मोबाइल सेवा बंद असल्याचं तहसीलदाराने प्रमाणित केल्यास तेवढा काळ ७२ तासांत धरला जाणार नाही.’ हे मान्य करणं अधिकाऱ्याला सोपं आहे. कलम तसंच राहतं आणि तुमची अडचणही सुटते.

पुराव्याला शंभर पानं लागत नाहीत. वीस-पंचवीस सभासदांच्या पावत्या, हिशेबपट्ट्या, नाकारलेल्या अर्जांवरचे शेरे यांचा एका पानाचा गोषवारा द्या. किती जणांकडून, कोणत्या हंगामात, कशी माहिती घेतली हे एका ओळीत लिहा. नमुना लहान असला तरी चालतो, पण तो कसा निवडला ते लपवलं तर चालत नाही. आणि सभासदांचे आधार किंवा बँक खात्याचे क्रमांक चुकूनही जोडू नका.

समोरची बाजू काय करते तेही पाहून ठेवा. मे २०२०मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा निघाला, हरकतींची ४५ दिवसांची मुदत पुढे ९० दिवस झाली, आणि २०२३मध्ये अंतिम आदेश आला तेव्हा बंदीच्या यादीत मोजकीच नावं उरली. हरकतींमध्ये प्रत्येक रसायनागणिक आकडे देणं उत्पादकांना परवडतं, त्यासाठी पगारी माणसं असतात. फवारणी करणारे शेतमजूर, विषबाधेचे रुग्ण तपासणारे ग्रामीण डॉक्टर यांच्याकडे माहिती असते, पण ती लिहून पाठवायला कुणी नसतं. ही विषमता सरकारी मुदत वाढवून जाणार नाही. कृषी महाविद्यालय, जवळचं कृषी विज्ञान केंद्र, निवृत्त शिक्षक, तालुक्यातला एखादा वकील यांतल्या कुणाला तरी लिहिण्यासाठी जोडून घ्यावंच लागतं.

भाषेचा मुद्दा तिन्ही पत्रांत आहे. घटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं, तेव्हा मराठीत पाठवायचा तुम्हाला अधिकार आहे. पर्यावरण आघात मूल्यांकनाचा २०२०चा मसुदा फक्त इंग्रजी-हिंदीत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतल्या भाषांत आणायला सांगितलं आणि मुदतही वाढवली. पण अधिकार एकीकडे आणि कामाची सोय एकीकडे. मूळ निवेदन मराठीत ठेवून पाच रकान्यांचा तक्ता तेवढा इंग्रजी किंवा हिंदीत जोडा, कारण वाचणाऱ्याला मराठी येत नसण्याचीच शक्यता जास्त.

प्रश्न : हजारो सह्यांची मोहीम किंवा एकाच मजकुराचे मेल उपयोगी पडतात का?
— नांदेड

उत्तर : राजकीय दबावासाठी पडतात, मसुदा सुधारण्यासाठी फारसे नाही. एकाच मजकुराचे पाचशे मेल तक्त्यात एक ओळ होतात. त्यापेक्षा पाच वेगळ्या तालुक्यांतून, वेगळ्या पिकांच्या आकड्यांसह आलेल्या पाच सूचना जास्त वजनदार. सह्यांचा गठ्ठा खासदारांना द्या, त्यांना तो दाखवता येतो.

प्रश्न : सोयाबीनचा हमीभाव ठरवताना आमचा खर्च कमी धरतात. हे नेमकं कुणाला आणि कधी सांगायचं?
— सोयाबीन उत्पादक, लातूर

उत्तर : कृषी खर्च व मूल्य आयोगाला, आणि भाव जाहीर होण्याच्या बऱ्याच आधी. खरिपाचे हमीभाव साधारण जूनमध्ये जाहीर होतात, पण आयोगाची शिफारस त्याआधी दोन-तीन महिने तयार असते. म्हणून तुमचं टिपण डिसेंबर-जानेवारीत आयोगाच्या टेबलावर असायला हवं. मे महिन्यात लिहिलेलं पत्र पुढच्या वर्षासाठी समजावं. राज्य सरकारही आपली शिफारस केंद्राला पाठवतं, त्यामुळे तीच प्रत राज्य कृषिमूल्य आयोगाला द्या.

‘खर्च कमी धरला’ एवढं पुरत नाही, कोणता खर्च ते सांगा. आयोगाच्या हिशेबात ए-टू म्हणजे बियाणं, खत, औषध, मजुरी, भाड्याचं यंत्र, डिझेल असा खिशातून गेलेला खर्च. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचं मोल मिळवलं की ए-टू अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचं धरलेलं भाडं आणि स्थिर भांडवलावरचं व्याजही मिळवलं की सी-टू. हमीभाव दीडपट धरला जातो तो ए-टू अधिक एफएलच्या. २०२५-२६साठी सोयाबीनचा हा खर्च क्विंटलला ३,५५२ रुपये धरला आणि भाव ५,३२८ रुपये जाहीर झाला. स्वामिनाथन आयोगाचं नाव घेऊन जी मागणी होते ती सी-टूच्या दीडपटीची असते. तुमच्या पत्रात या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. ती राहिली तर पहिल्याच परिच्छेदात पत्राचा जोर जातो.

आकडे येतात ते लागवड खर्चाच्या सर्वंकष योजनेतून. निवडलेल्या गावांतल्या निवडलेल्या शेतकऱ्यांच्या कामांच्या आणि खर्चाच्या नोंदी वर्षभर घेतल्या जातात. ही माहिती पक्की होऊन यायला वेळ लागतो, म्हणून आयोग जुन्या वर्षांचे आकडे महागाईच्या दराने पुढे नेतो. खरी फट इथे आहे. एखाद्या वर्षी मळणीचे दर किंवा तणनाशकाचा वापर एकदम वाढला, तर पुढे नेलेल्या आकड्यात तो पुरता उतरत नाही. दुसरं, भाव देशभराच्या भारित सरासरीवर ठरतो, त्यामुळे मध्य प्रदेशातला खर्च आणि उत्पादकता तुमच्या आकड्याला खाली ओढू शकते. भाव जाहीर झाल्यावर आयोगाचा अहवाल प्रसिद्ध होतो आणि त्यात राज्यवार खर्चाचे तक्ते असतात. महाराष्ट्राची ओळ काढा, तिच्यासमोर आपल्या तीसेक सभासदांचा बाबवार खर्च मांडा, आणि फरक ज्या दोन-तीन बाबींत आहे तेवढ्यावरच लिहा.

आयोग नुसता खर्च पाहत नाही. मागणी-पुरवठा, आंतरराष्ट्रीय किमती, पिकापिकांतला समतोल हेही त्याच्या विचारात असतं. सोयाबीनच्या बाबतीत खाद्यतेलाच्या आयातशुल्काचा आणि पेंडीच्या भावाचा मुद्दा घेतल्याशिवाय टिपण अर्धवट राहील. शिवाय जाहीर भावाने खरेदी किती झाली, बारदान आणि ओलाव्याच्या निकषावर माल कुठे परत गेला, याच्या नोंदी द्या. खरेदीकेंद्रावरचा अनुभव आयोगाला आकड्यांत क्वचितच मिळतो.

प्रश्न : माझ्या नावावर सातबारा नाही, मी कसते ती जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे. शेतकऱ्यांच्या बैठकीला मला बोलावत नाहीत. मी ‘संबंधित घटक’ आहे की नाही?
— यवतमाळ जिल्हा

उत्तर : आहात ताई, आणि ते सरकारी कागदावरही आहे. राष्ट्रीय शेतकरी धोरण, २००७ मध्ये शेतकऱ्याची व्याख्या मालकीवर थांबत नाही. शेतमजूर, वाटेकरी, कुळं, पशुपालक, मच्छीमार, मधमाश्या पाळणारे, वनोपज गोळा करणारे हे सगळे त्यात येतात. कुठल्याही मसुद्यात ‘शेतकरी’ म्हणजे ‘सातबारावर नाव असलेली व्यक्ती’ अशी व्याख्या दिसली, तर तुमच्यासारख्यांच्या गटाने पहिली हरकत तिथेच घ्यावी, या धोरणाचा हवाला देऊन. व्याख्या अरुंद राहिली की पुढची सगळी कलमं तुमच्यासाठी बंद होतात.

गावात सुरुवात महिला सभेपासून करा. आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते आणि तिचे ठराव ग्रामसभेपुढे जातात. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० व्यक्ती, यांत जी संख्या कमी ती. ठराव तोंडी मांडून भागत नाही. तो लिहून न्या, सूचक आणि अनुमोदक यांची नावं घाला, नोंदवहीत तसाच उतरला का ते तिथेच पाहा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून खरी प्रत घ्या. ग्रामपंचायत विकास आराखड्याचं काम २ ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतं. आराखडा पोर्टलवर चढला की त्यात नवं काम घुसवणं अवघड, म्हणून ठराव त्याआधीच्या सभेत हवा.

तालुक्याला ‘आत्मा’ची, म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेची, शेतकरी सल्लागार समिती असते, कृषी विज्ञान केंद्राची शास्त्रीय सल्लागार समिती असते. तुमचा बचत गट नोंदलेला असेल तर गटाच्या ठरावासह तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे सदस्यत्वासाठी अर्ज द्या. या समित्या कागदावर पूर्ण आणि बैठकीला रिकाम्या असण्याचा अनुभव सार्वत्रिक आहे. त्यामुळे अर्जासोबत गेल्या दोन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तंही मागा.

प्रश्न : हे सगळं करून खरंच काही बदललं, असं एक तरी उदाहरण आहे का?
— कोल्हापूर

उत्तर : तुमचा अविश्वास समजण्यासारखा आहे. तरी दोन उदाहरणं ठोस आहेत. पीकवाण संरक्षण विधेयक १९९९मध्ये संसदेत आलं तेव्हा त्यात पैदासकारांच्या हक्कांवर भर होता. ते साहिबसिंग वर्मा यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीने ठिकठिकाणी शेतकरी, शास्त्रज्ञ आणि कंपन्यांना ऐकलं आणि २००१च्या कायद्यात शेतकऱ्यांच्या हक्कांचं स्वतंत्र प्रकरण आलं. संरक्षित वाणाचं बियाणं राखणं, पेरणं, देवाणघेवाण करणं, ब्रँड न लावता विकणं हा हक्क कलम ३९ मध्ये आहे तो त्यामुळेच. दुसरं, जनुकीय बदल केलेल्या बीटी वांग्यावर तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी २०१०च्या सुरुवातीला सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, नागपूर त्यांतलं एक. ९ फेब्रुवारी २०१०ला स्थगितीचा निर्णय आला. तो बरोबर की चूक यावर शेतकरी संघटनांतच मतभेद आहेत, पण सुनावणीने निकाल फिरवला हे दोन्ही बाजू मान्य करतात.

विधेयक स्थायी किंवा संयुक्त समितीकडे गेलं की संसदेकडून निवेदनं मागवणारी जाहिरात येते. निवेदनात ‘समितीपुढे तोंडी साक्ष देण्याची इच्छा आहे’ असं स्पष्ट लिहा, नाही तर बोलावणं येणार नाही. आणि समितीला दिलेलं निवेदन तिच्या नोंदींचा भाग होतं, ते गोपनीय मानलं जातं. पाठवल्यावर ते व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

प्रश्न : सूचना पाठवली. तिचं पुढे काय झालं ते कसं कळेल?
— सोलापूरच्याच कंपनीचा दुसरा प्रश्न

उत्तर : माहिती अधिकारातून. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करा, शुल्क १० रुपये, मजकूर शक्यतो ५०० शब्दांच्या आत. ‘आमच्या सूचनेवर काय कार्यवाही केली’ असं मोघम विचारू नका. मागा या गोष्टी : अमुक मसुद्यावर आलेल्या सूचनांची एकूण संख्या, त्यांचा कलमवार गोषवारा, प्रत्येकीवरचा विभागाचा शेरा, आणि २०१४च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणातून सूट घेतली असेल तर ती नोंदवणारी टिपणी. सोबत कायद्याच्या कलम ४(१)(ग)चा उल्लेख करा. महत्त्वाची धोरणं आखताना संबंधित वस्तुस्थिती आपणहून प्रसिद्ध करायला ते सांगतं.

उत्तराची मुदत तीस दिवस. मंत्रिमंडळाची कागदपत्रं असल्याचं सांगून कलम ८(१)(झ)खाली नकार येऊ शकतो. पण निर्णय होऊन विषय पूर्ण झाल्यावर त्याची कारणं आणि आधारभूत साहित्य खुलं करायला तेच कलम सांगतं. त्यामुळे धोरणाचा निर्णय झाला असेल तर नकार मिळाल्यापासून तीस दिवसांत पहिलं अपील करा, आणि अपिलात निर्णयाची तारीख व राजपत्राचा क्रमांक लिहायला विसरू नका.